व्हल्व्होस्कोपीला 'योनिदर्शन' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात व्हल्व्होस्कोपीला, म्हणजे स्त्रीच्या बाहेरच्या जननेंद्रियाच्या भिंगातून केलेल्या तपासणीला, 'योनिदर्शन' म्हटलं तर चालेल का?

नको. अडचण 'दर्शन'ची कमी, 'योनी'ची जास्त. योनी म्हणजे आतला मार्ग. व्हल्व्हा म्हणजे बाहेरून दिसणारा सगळा भाग, त्याला शास्त्रीय मराठीत 'भग' म्हणतात; भगोष्ठ हा शब्द त्यातूनच आला. 'योनिमुख'ही पुरत नाही, कारण तो या भागातला फक्त दाराचा तुकडा. हा फरक केवळ शब्दांचा नाही. योनी आणि गर्भाशयमुख पाहण्याची तपासणी वेगळी, ती कॉल्पोस्कोपी; तिच्यात स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण) आत घालावा लागतो, इथे तो लागत नाही. भिंगाचं यंत्र मात्र बहुधा तेच, बाहेर साधारण ३० सेंटिमीटरवर उभं.

पद्धतही जशीच्या तशी उचलता येत नाही. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल लावलं की मिनिटभरात संशयित जागा पांढरी पडते. भगाची त्वचा जाड, तिथे ५ टक्क्यांच्या आम्लाचा भिजवलेला बोळा चार-पाच मिनिटं ठेवावा लागतो. एवढं करूनही साधी सूज, ओरखडा, खाजवलेली जागा पांढरी होतेच, म्हणून नुसत्या पांढरेपणावर निदान करू नये. गर्भाशयमुखावर लावतात त्या आयोडीनचा तर या त्वचेवर उपयोगच नाही. तो पेशींतल्या ज्या ग्लायकोजेनला (साठवलेल्या साखरेला) रंगवतो, ते जाड त्वचेत नसतं.

मग शब्द कोणता? कोशासाठी 'भगवीक्षण' नेमका. 'भगदर्शन' चुकीचा नाही, पण देवदर्शनाची सवय झालेल्या कानाला खटकतो. माहितीपत्रकात दोन्ही नकोत, कारण बोलण्यात 'भग' कुणी वापरत नाही. 'दुर्बिणीची तपासणी' हा रुळलेला प्रयोगही इथे टाळावा: ऐकणारीला वाटतं, नळी आत घालणार. शिवाय दुर्बीण म्हणजे फारसीत दूरचं पाहणारी, आणि इथे तर हातभर अंतरावरचं पाहायचं आहे!

सरळ लिहा: 'बाहेरच्या जननेंद्रियाची भिंगातून तपासणी (व्हल्व्होस्कोपी)'. पुढचं वाक्यही सांभाळा. 'गरज पडल्यास तुकडा काढतील' वाचून बाई घाबरते. त्याऐवजी 'गरज वाटल्यास जागा बधिर करून ३-४ मिलिमीटरचा नमुना घेतील' असं लिहा. आकार कळला की धास्ती बरीच उतरते.