दोन जिवांचा आहार आणि बाळाचे वजन

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. गरोदर राहण्याआधीपासूनच माझे वजन जास्त आहे. घरातील वडीलधारी मंडळी ‘आता दोन जिवांचे खा’ असा आग्रह धरतात. उलट, आईने जास्त खाल्ले तर मूल पुढे लठ्ठ होते, असे माझ्या वाचनात आले. मी जेवण निम्म्यावर आणावे का?
– एक वाचक

उत्तर : जेवण निम्म्यावर मुळीच आणू नका. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेली मुले 19 व्या वर्षी लष्करी तपासणीसाठी आली तेव्हा असे दिसले की, ज्यांच्या आईची उपासमार गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात झाली होती त्यांच्यात लठ्ठपणा अधिक होता, तर ज्यांच्या आईला शेवटच्या महिन्यांत उपाशी राहावे लागले त्यांच्यात तो कमी होता. यावरून उशिरा उपास करावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण त्या बाळांचे जन्मवजन घटले होते आणि कमी जन्मवजनाचे स्वतंत्र धोके असतात.

दुसरीकडे, दुप्पट खाण्याचीही गरज नसते. पहिल्या तिमाहीत जादा उष्मांक जवळजवळ लागत नाहीत. दुसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे 340 आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे 450 कॅलरी अधिक पुरतात, आणि वजन आधीच जास्त असेल तर याहूनही कमी. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या 2009 च्या शिफारशीनुसार पूर्ण गरोदरपणात सामान्य वजनाच्या स्त्रीचे वजन 11.5 ते 16 किलो, जास्त वजनाच्या स्त्रीचे 7 ते 11.5 किलो आणि लठ्ठ स्त्रीचे 5 ते 9 किलो वाढावे. आपला आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

माझ्या मते आपण ताटाइतकेच लक्ष रक्तातील साखरेकडे द्यावे. आईच्या रक्तातील जास्तीची साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, पण आईचे इन्सुलिन पोहोचत नाही. त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते. हे केवळ आनुवंशिक नसावे, असे मानायला आधार आहे : अमेरिकेतील पिमा या मूळनिवासी समाजातील भावंडांच्या अभ्यासात, आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांचे वजन तिच्या आधीच्या मुलांपेक्षा जास्त आढळले. म्हणून 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यानची साखरेची तपासणी चुकवू नका. आपले वजन जास्त असल्याने ती आधीच झाली असेल आणि अहवाल चांगला असेल, तरीही ती पुन्हा करावी लागते.

प्रश्न : गरोदरपणी मला मधुमेह होता. माझा मुलगा आता 6 वर्षांचा असून त्याचे वजन जास्त आहे. हा माझाच दोष का?
– एक वाचक

उत्तर : नाही. गरोदरपणातील मधुमेहाने शक्यता वाढते, भविष्य ठरत नाही. आनुवंशिकता, झोप, गोड पेये आणि घरातले खाणेपिणे यांचाही त्यात वाटा असतो. या वयात मुलाला कडक पथ्यावर ठेवू नये. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वजन काही काळ स्थिर राखले, तरी उंची वाढत गेल्याने प्रमाण सुधारते. आणि स्वतःची साखर दर 1 ते 3 वर्षांनी तपासत राहा, कारण गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो.