दोघींनी बोललेला नवस एकटीनं कसा फेडू?

प्रिय मावशी,
माझे मिस्टर फौजेत नाईक आहेत. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातले. बेळगावला फॅमिली क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी कागल तालुक्यातलं एक जोडपं होतं, यांची आणि त्याची पलटण एकच. दोघांना एकदम काश्मीरला फील्डला जावं लागलं, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून जोतिबाला नवस बोलला: दोघं सुखरूप आले की माघातले पाचही खेटे, म्हणजे रविवारी जोतिबाच्या डोंगरापर्यंतची पायी वारी, अनवाणी चालू. गेल्या हिवाळ्यात गस्तीवर बर्फ कोसळला. यांना बाहेर काढलं. तिचा नवरा गेला. आता माघ तोंडावर आलाय आणि हे सुट्टीवर आलेत. सासूबाई म्हणतात, नवस अंगावर ठेवायचा नाही. खेटे करायचे, हलगी लावायची, भावकीला पुरणपोळीचं जेवण घालायचं. तिला बरोबर न्यायचं म्हटलं तर म्हणतात, ‘तसल्या बाईला शुभकार्यात कशाला?’ शेजारणी म्हणतात, तुझी पुण्याई म्हणून कुंकू राखलं. मिस्टर या विषयावर तोंडच उघडत नाहीत, रात्री दचकून उठतात. ते शेजारी झोपलेले दिसले की मला बरं वाटतं आणि लगेच लाज वाटते. नवस दोघांसाठी होता. मग तो फेडायचा की नाही? देवाचे आभार मानायला माझी जीभ का रेटत नाही?
– एक फौजीची बायको

पोरी,

आधी त्या पुण्याईचं बोलू, कारण सगळं दुखणं तिथं आहे. तुझी पुण्याई थोर असं कुणी म्हणालं की तिची कमी पडली, हेही त्यात आलंच. जिनं तुझ्याशेजारी उभं राहून तोच गुलाल उधळला, तेच खोबरं वाहिलं, तिच्या भक्तीत काय उणं होतं? डोंगरावरचा बर्फ कुणाच्या बायकोचे उपास बघून सुटत नाही. जुन्या थरावर नव्या बर्फाचं ओझं पडतं, आतला कच्चा थर धरवत नाही आणि सगळा उतार खाली येतो. कोण चार पावलं पुढं होता, कोण मागं, एवढ्यावर जीव ठरतो. तुझ्या नवऱ्यानं हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्याला हलगी नको असेल. पुढच्या वेळी कुणी पुण्याईची भाषा काढली तर सरळ सांग, ‘काकू, असं बोलू नका, तिचा माणूस गेलाय.’ एवढं एकदा म्हटलंस की दुसऱ्यांदा कुणी म्हणायचं नाही.

आभार मात्र मान. नवरा शेजारी झोपलाय म्हणून बरं वाटलं, यात तू कुणाचं काही हिरावून घेतलेलं नाहीस. ती लाज सोड. तुझी जीभ रेटत नाही ती देवामुळं नव्हे. आपल्यावर त्याची जास्त माया होती असं म्हणायला ती तयार नाही, आणि ते बरोबरच आहे. तेवढं गाळून बाकीचं बोल. बर्फाखाली गाडलेल्या माणसासाठी पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात मोलाची. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोचत नाही, जवळचे सोबतीच हाती लागेल त्यानं बर्फ उपसतात. तुझ्या माणसाला कुणी काढलं? त्या पोरांची नावं तुला ठाऊक आहेत का? नसतील तर नवऱ्याला विचार आणि देवापुढं दिवा लावशील तेव्हा एकेकाचं नाव घे. आभार कुणाचे मानायचे हे तुझ्या मनाला सापडत नाही, ते मला वाटतं इथं सापडेल.

आता नवसाचं. हिशेबानं बघितलं तर तू म्हणतेस ते खरं आहे, नवस दोघांचा होता आणि दोघं आले नाहीत. पण खेटे मुळात कुणी घातले ते आठव. जोतिबा म्हणजे केदारनाथ. करवीरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या, रक्षणासाठी तो उत्तरेतून आला, असुरांशी लढला, आणि काम झालं तसा परत हिमालयाकडं निघाला. अंबाबाईला कळलं तेव्हा ती अनवाणी त्या डोंगराकडं गेली आणि त्याला थांबवलं. माघातल्या रविवारी पंचगंगेवरून, वडणगे-कुशिरेच्या वाटेनं माणसं चालतात ती तिच्याच मागं. तिनं काही मोबदला म्हणून पाय दुखवले नव्हते. आपल्यासाठी लढलेला माणूस जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. हे तुम्हा दोघींइतकं कुणाला कळायचं? म्हणून मी म्हणते, खेटे घाल. देणं चुकवायचं म्हणून जाऊ नकोस, जे आले नाहीत त्यांनाही मनात घेऊन चाल.

आणि तिला विचारल्याशिवाय पहिलं पाऊल टाकू नकोस. नवस तिचाही आहे. ती येते म्हणाली तर तुझ्या बरोबरीनं चालेल आणि तुझ्याच हातानं तिला गुलाल लागेल. कदाचित ती म्हणेल, माझा देवावरचा विश्वास उडालाय, माझ्यापुढं त्याचं नाव काढू नको. तेही ऐकून घे. समजावायला जाऊ नकोस. अशा वेळी ‘देवाची इच्छा’ हे शब्द तर तोंडातून काढूच नकोस.

सासूबाईंच्या त्या ‘तसल्या बाई’वर मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ साली विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. पुढं सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. त्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, पिढ्यान् पिढ्या फौजेला माणसं देणारी. ज्या जिल्ह्याला आपल्या जवानांचा एवढा अभिमान, तिथं जवानाची बायको देवाच्या वाटेवर अपशकुनी कशी होईल? तिरंग्यात आलेल्याला गाव खांद्यावर घेतं आणि त्याच्या बायकोला उंबऱ्याबाहेर ठेवतं, हे मला सहन होत नाही.

तरी म्हातारीला तोडून बोलू नकोस. तिच्या हट्टामागं भीती आहे. सुट्टी संपली की पोरगं परत ट्रंकेला कुलूप लावून निघणार, नवस राहिला आणि उद्या काही झालं तर, या विचारानं तिचा डोळा लागत नसेल. तिला म्हण, ‘आई, खेटे पाचही होतील, पुरणाचा नैवेद्यही होईल. हलगी आणि भावकीचं जेवण यंदा नको, त्याच्या मित्राचं वर्षश्राद्ध याच दिवसांत आहे.’ श्राद्ध म्हटलं की तिच्या पिढीला वेगळं समजावावं लागत नाही. आणि हे तुझ्याऐवजी तिच्या लेकानं सांगितलं तर बरं.

त्याच्याबद्दल मला जास्त काळजी आहे. दचकून उठणं, गप्प होणं, चिडणं हे वर्ष झालं तरी सुरू असेल तर ती जखम आहे, तिला औषध लागतं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलतात. पलटणीत परतल्यावर तिथल्या डॉक्टरांनाही सांगू दे. नाव खराब होईल असं त्याला वाटेल, तेव्हा पाय मोडला असता तर लपवला असतास का, असं विचार. त्याला देवळात ओढू नकोस. पलटणीत मंदिर असतं, रविवारी मंदिर परेड असते, तो देवाला तुझ्या-माझ्याइतकाच ओळखतो. त्याचं भांडण चालू असेल तर ते त्याचं त्याला करू दे.

एक काम मात्र त्याच्याखेरीज कुणाला जमणार नाही. मित्राची आई आज ना उद्या विचारणार, ‘शेवटी काही बोलला का रं माझा?’ त्या घरात जायला तो टाळत असेल, याच प्रश्नाला भीत असेल. घाई करू नकोस. तयार झाला की तू बरोबर जा आणि तो बोलत असताना मधे बोलू नकोस.

त्या घरी रिकाम्या हातानं गेलीस तरी चालेल. चार लोकांत पाकीट मात्र देऊ नकोस, तिला ते लागेल. पहिल्या दिवशी फैरी झडतात, पुढारी येतात, गल्लीत फलक लागतात. वर्ष सरलं की तिच्या हातात कागद उरतात: कुटुंब पेन्शन, विमा, पोरांच्या शिक्षणाच्या सवलती. कोल्हापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती एकटी खेपा घालत असेल. तिच्याबरोबर जात जा. अर्जाची झेरॉक्स ठेवली का, बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे का, एवढं बघ. कुणी घाईनं सही मागत असेल तर ‘आधी वाचू’ म्हणायला शेजारी एक माणूस लागतं.

पहिला रविवार यायच्या आत तिला फोन कर. फोनवर नवसाचं काढू नकोस, ‘येऊ का?’ एवढंच विचार.

– तुझी मावशी