गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू सरळ जातो, मग खऱ्या कोर्सवर का भरकटतो?

कारण रेंजवर तुम्ही एकच क्लब (गोल्फची काठी) धरून, सपाट मॅटवरून, एकाच दिशेला पन्नास चेंडू मारता. दहाव्या चेंडूपर्यंत हात बसतो आणि वाटतं, जमलं! कोर्सवर तोच फटका लगेच दुसऱ्यांदा मिळत नाही. (मॅट तर लबाडच. क्लब चेंडूच्या इंचभर मागे आपटला तरी घसरून पुढे जातो. गवतावर तिथेच रुततो.)

म्हणून दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदला: ड्रायव्हर, मग सात नंबरची आयर्न, मग वेज. सुरुवातीला फटके बिघडतील, बिघडू द्या.

आणि निम्मा वेळ पटिंगला, म्हणजे हिरवळीवरून चेंडू हलकेच भोकात ढकलायला. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पूर्ण करणं अपेक्षित असलेल्या कोर्सवर 36 फटके पटिंगचेच धरलेले असतात. चार फुटांवरून पटिंगचे सलग दहा फटके भोकात पाडल्याशिवाय घरी जायचं नाही. एक चुकला की मोजणी पुन्हा एकपासून.