डोकी मोजू नकोस, घर कुणाला दिलंय ते बघ

प्रिय,

तुझा लेख काल रात्री वाचला, खरंतर दोनदा, कारण पहिल्यांदा नुसती चिडचिडच झाली. ‘अॅन ऑफिसर अँड अ जंटलमन’ बद्दल तू लिहिलंयस की अमेरिकन नौदलाच्या ऑफिसर-ट्रेनिंगवरचा 1982 चा सिनेमा, त्यात एक काळा सार्जंट, एक काळा कॅडेट, ट्रेनिंगला एक मुलगी, म्हणजे त्या काळाच्या मानाने बरंच आहे की. हजेरीपट आहे का हा?

त्या सार्जंटचं, फोलीचंच घे. लुई गॉसेट ज्युनिअरला या रोलसाठी ऑस्कर मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर घेणारा तो पहिला काळा नट, हे तुझं बरोबर आहे. पण रोल मुळात काळ्या माणसाचा म्हणून लिहिलेलाच नव्हता हे तुझ्याकडून राहिलं आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. दिग्दर्शक टेलर हॅकफर्डने खरे ड्रिल इन्स्ट्रक्टर जाऊन बघितले, त्यात काळे बरेच होते, म्हणून गॉसेट आला. नट बदलला, स्क्रिप्टमधला माणूस तोच राहिला. मग झालं काय, फोलीच्या हातात सत्ता आली, तीही अशी की गोऱ्या हिरोला चिखलात लोळवतो, पाइपाने भिजवतो, मला दुसरीकडे जायला जागाच नाही हो असं रडत रडत त्याच्या तोंडून काढून घेतो... पण स्वतः फोली कुठून आला, परेड संपली की कुठे जातो, घरी कोण आहे, काही म्हणजे काही नाही. हिरोला मात्र आई, बाप, फिलिपिन्समधलं बालपण, सगळं मिळालंय.

आणि ते फिलिपिन्स तरी काय, बापाकडे येणाऱ्या बायका आणि गल्लीत त्याला बुकलणारी पोरं. अख्खा देश हिरोच्या जखमेपुरता. यावर तुझ्या लेखात एक ओळ नाही, मला याचं जास्त वाईट वाटलं.

ट्रेनिंगमधल्या त्या मुलीचा, केसी सीगरचा, भिंतीचा सीन परत बघ. तिला ती भिंत चढताच येत नाही, हिरोला त्या दिवशी कोर्सचा रेकॉर्ड मोडायचाय, तो रेकॉर्ड सोडून मागे फिरतो आणि ओरडून ओरडून तिला वर चढवतो. माझा अजूनही घसा दाटतो, खोटं कशाला बोलू. पण भिंत ती चढते आणि मोठा तो होतो, हे लक्षात आलं का? त्यात अमेरिकेच्या नौदलात पहिल्या सहा बायकांना पायलटचे विंग्ज 1974 साली मिळाले खरे, पण लढाऊ विमानं 1993 पर्यंत बंदच होती त्यांना. म्हणजे भिंतीपलीकडे आणखी एक भिंत होती आणि सिनेमा तिकडे ढुंकूनही बघत नाही.

त्या काळ्या कॅडेटला, पेरीमनला, निदान बायको-पोरं आहेत, पण ती येतात ती पट्ट्याच्या बक्कलच्या भानगडीपुरतीच (हिरो आधी त्याला चकाकतं बक्कल द्यायला नकार देतो, नंतर स्वतःहून देतो), हिरो सुधारला हे दाखवायला.

बरं, ट्रेनिंगच्या तळाजवळच्या कागद कारखान्यातल्या मुली तुझ्या मोजणीत कुठेच नाहीत, कारण त्या गोऱ्या. फोली सुरुवातीलाच पोरांना बजावतो की इथल्या मुली ऑफिसर गटवायला टपलेल्या असतात, आणि पुढे सिनेमाच त्याचं म्हणणं अर्धं खरं करून दाखवतो, त्यातली लिनेट लबाड निघते आणि हिरोवर प्रेम करणाऱ्या पॉलाला बक्षीस मिळतं. तेव्हा गरिबीचाही एक कॉलम ठेव.

हे वाचून सिनेमा टाकाऊ आहे असं मात्र लिहू नकोस हं, तो दुसरा आळस. गॉसेटने स्क्रिप्टमधे नसलेलं कितीतरी नुसत्या डोळ्यांनी केलंय, ते तुला दिसायला हवं.

आता एक काम कर. शेवटचा, हिरो पांढऱ्या युनिफॉर्ममधे पॉलाला उचलून नेतो तो सीन सोड, सगळे त्यावरच लिहितात. त्याच्या आधीचा बघ, आवाज बंद करून. नवे ऑफिसर एकेक करून फोलीसमोर येतात, तो सॅल्यूट करतो, कालपर्यंत ज्यांना शिव्या घातल्या त्यांना आता सर म्हणतो, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाकडून पहिल्या सॅल्यूटचा चांदीचा डॉलर घेतो. सगळे पुढे जातात. तो तिथेच, नव्या बॅचसमोर, परत तीच शिवीगाळ. लेख तिथून सुरू कर आणि रविवारपर्यंत पाठव, या वेळी छोटा लिहिलास तरी चालेल.