गहू सोडला, तरी पोट फुगतंच

प्रश्न : वय 36. चार महिन्यांपूर्वी रक्तातली टीटीजी तपासणी (या आजारातली प्रतिपिंडं शोधणारी) आणि आतड्याची बायोप्सी होऊन सिलिअ‍ॅक आजाराचं, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान झालं. पोळी, पाव, रवा, शेवया बंद आहेत. ज्वारी-नागलीची भाकरी खाते. पहिला महिना छान गेला. आता पुन्हा पोट फुगतं, दूध प्यायलं की जुलाब होतात. आतडं बरं व्हायला किती दिवस लागतात?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : भाकरीचं पीठ कुठून दळून आणता? कॉलनीतल्या गिरणीतून असेल, तर पहिला संशय तिच्यावरच. तुमच्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि त्यांचं पीठ जात्याच्या दगडात, पिशवीत चिकटून राहतं. सकाळी पहिलं दळण दिलं तरी कालचं पीठ आत असतंच. गव्हाच्या एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन (गहू-जवातलं प्रथिन) असतं. सिलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सोसतं. म्हणजे त्रास व्हायला चिमूटभर कणकेचीही गरज नाही.

उपाय घरघंटीचा, पण तिच्यात गहू कधीच दळायचे नाहीत. तोवर भात, साबूत भगर, राजगिऱ्याच्या लाह्या यांवर भागवा. नागली थोडी थोडी घेऊन स्वच्छ मिक्सरमध्येही दळता येते. ज्वारी बारकाईने निवडा, तिच्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात. मग दोन-तीनदा धुऊन कडक वाळवा. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी आणि तवा वेगळा हवा. हिंगाची डबी उलटून वाचा : बांधणी हिंगात बहुधा मैदा असतो. फरसाण, सोया सॉस, माल्टची पेयपावडर यांचीही तीच गत. (वाइन चालते, जवाची बिअर नाही.)

दुधाचं कारण वेगळं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं एन्झाइम आतड्यातल्या केसासारख्या अंकुरांच्या टोकावर तयार होतं, आणि आजारात आधी झिजतात ती टोकंच. म्हणून दूध, खवा, पेढे सहा-आठ आठवडे थांबवा. ताजं ताक बऱ्याचदा सोसतं. नंतर अर्धा कप दुधापासून सुरुवात करून पाहा. नागलीही एकदम भाकरीतून नको. दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून, शिजवून, गार झाल्यावर ताक घालून आंबील प्या. पोटाने साथ दिली की आठवड्याने वाढवा.

वेळेचं म्हणाल, तर लक्षणं काही आठवड्यांत ओसरतात. अंकुर भरून यायला मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. मुलांत लवकर. टीटीजी सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा करा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडही बघून घ्या. लोह लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, त्यामुळे अशक्तपणा बरेचदा मागे रेंगाळतो. पथ्य काटेकोर पाळूनही वजन घटत असेल, रात्री जुलाबाने उठावं लागत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न : माझ्या भावालाही असाच त्रास आहे. त्याने आतापासूनच गहू सोडावा का?

उत्तर : नको. गहू बंद केल्यावर टीटीजी आणि बायोप्सी दोन्ही खोट्याच ‘नॉर्मल’ येऊ शकतात. नेहमीचं खाणं चालू ठेवून आधी तपासणी होऊ दे. टीटीजीबरोबर एकूण आयजीए (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) मोजायला सांगा, ते मुळात कमी असेल तर टीटीजी फसवतं. सख्ख्या भावंडांत आजाराची शक्यता जास्त असते, त्यामुळे त्रास नसलेल्या भावंडांनीही एकदा रक्त तपासून घ्यावं.