गाईच्या खुराकात साधी मिथिओनिन पावडर मिसळली तर दूध वाढेल का?

फारसं नाही. मिथिओनिन हे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक. पण साधी पावडर कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जीवाणूच बहुतांशी फोडून टाकतात, आतड्यापर्यंत फारच थोडी पोचते. म्हणून आवरण चढवलेलं, म्हणजे 'बायपास' (कोठीपोट चुकवून पुढे जाणारं) मिथिओनिन किंवा लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल वापरतात.

पण त्याआधी खुराक बघा. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त तर हे जीवाणूच स्वतःच्या शरीरातून पुरवतात, आणि त्यांना लागते ऊर्जा. चारा निकृष्ट, धान्य कमी आणि वर महागडी पुडी, हा उलटा कारभार झाला. मक्यावर जास्त भर असेल तर लायसिन कमी पडतं, सोयाबीन पेंडीवर असेल तर मिथिओनिन. आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांत लायसिन-मिथिओनिनचं प्रमाण साधारण ३:१ धरतात.

नुसती पेंड वाढवत नेली तर जादा नायट्रोजनचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मूत्रातून वाया जातो. दुधातला युरिया तपासला की हे लगेच कळतं.

फायदा दिसतो तो मुख्यतः नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईंत. तोही लिटरपेक्षा दुधातल्या प्रथिनांत आधी. आणि हो, बायपास गोळ्या दळू नका, आवरणच फुटेल!