निर्दोष सुटलो, पण 1,140 दिवसांचं काय?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: शिक्षणासाठी इटलीत होतो. एकाच घरात भाड्याने राहणाऱ्या मुलाचा खून झाला आणि मला अटक झाली. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं, अपिलात निर्दोष सुटलो, आणि 14 महिन्यांपूर्वी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एकूण 1,140 दिवस तुरुंगात काढले. अटकेच्या रात्री धड दुभाषा नसताना एका जबाबावर सही केली. त्यात मी त्या वेळी घरात होतो असं लिहिलं होतं. मी नव्हतो. आता भारतात आहे. नाव शोधलं की अटकेचीच बातमी येते. नोकरीच्या आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात काय लिहू? भरपाई मिळते का? घरचे म्हणतात, सुटलास ना, आता विसर.

उत्तर: घरच्यांचं म्हणणं मायेपोटी आहे, पण कृपा करून इतक्यात काही विसरू नका. तुमच्या हातात आता दहाच महिने उरले आहेत.

इटलीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 314 नुसार, अंतिम निकालाने निर्दोष ठरलेल्या माणसाला विनाकारण भोगलेल्या कैदेची भरपाई मागता येते. परदेशी नागरिकालाही हा हक्क आहे. अर्ज अपील न्यायालयात करायचा आणि निकाल अंतिम झाल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा. सरकार आपण होऊन काही देत नाही. भरपाईची कमाल मर्यादा 5,16,456.90 युरो आहे. कोर्टं साधारणपणे तुरुंगातल्या एका दिवसाला 235.82 युरो धरतात आणि तिथून रक्कम कमी-जास्त करतात. तुमच्या 1,140 दिवसांचे या हिशोबाने सुमारे 2 लाख 69 हजार युरो होतात. (शिक्षा अंतिम होऊन नंतर खटला पुन्हा उघडला गेला असेल, तर भरपाईची वेगळी तरतूद आहे आणि तिला ही मर्यादा नाही. तुम्ही अपिलातच सुटलात, म्हणून तुम्हाला 314 च लागू पडतं.) पुरावा अपुरा म्हणून सुटका झाली असली तरी हा हक्क जात नाही. निकालपत्रात नेमके कोणते शब्द आहेत ते मात्र वकिलाकडून वाचून घ्या.

खरी अडचण त्या रात्रीच्या सहीची आहे. ज्याने स्वतःच्या गंभीर चुकीने अटक ओढवून घेतली, त्याला भरपाई नाकारता येते. पेरुजातल्या 2007 च्या मेरेडिथ कर्चर खून खटल्यात राफाएले सोलेचितो जवळपास चार वर्षं तुरुंगात होता आणि 2015 मध्ये कायमचा निर्दोष ठरला. तरी 2017 मध्ये त्याची मागणी फेटाळली गेली, कारण सुरुवातीच्या त्याच्या जबाबांत विसंगती होती. माझ्या मते हा निकाल फार कठोर आहे. रात्रभर प्रश्नांच्या माऱ्यात बसलेल्या तरुणाने जे सांगितलं, त्याचा भार त्याच्यावर जन्मभर टाकणं मला पटत नाही. पण तुमच्या अर्जाला विरोध झाला तर तो याच मुद्द्यावर होईल, तेव्हा तयारी आधी त्याचीच करा.

त्याच खटल्यातली सहआरोपी अमांडा नॉक्स हिच्या प्रकरणात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये म्हटलं, की चौकशीच्या वेळी तिला वकील मिळाला नाही आणि दुभाषाचं कामही नीट झालं नाही, म्हणून न्याय्य सुनावणीचा तिचा हक्क डावलला गेला. तुमच्या वकिलाने हा निकाल अर्जात वापरलाच पाहिजे. त्या रात्री चौकशी किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, दुभाषा कोण होता, सही केलेला कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवला का, हे सगळं आठवेल तसं आजच लिहून काढा. पुढे चौकशीत तुम्ही गप्प राहिला असाल, तर त्याची चिंता नको. 2021 च्या दुरुस्तीनंतर केवळ मौन पाळलं म्हणून भरपाई नाकारता येत नाही.

नॉक्सची पुढची हकीकतही लक्षात ठेवा. त्या चौकशीत तिने एका निरपराध माणसाचं नाव घेतलं होतं. खोट्या आरोपाच्या त्या गुन्ह्यातली तिची शिक्षा खटला पुन्हा उघडूनही जानेवारी 2025 मध्ये कायम झाली, आणि त्यात तिने स्वतः लिहिलेल्या कागदाचा आधार घेतला गेला. तुमच्या जबाबात दुसऱ्या कोणावर बोट दाखवलं गेलं असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

अर्जासाठी तुम्हाला इटलीला जावं लागत नाही. इथे विशेष मुखत्यारपत्र करून त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) घ्या. निकालपत्राची प्रमाणित प्रत मागवताना तिच्यावर निकाल अंतिम झाल्याची तारखेसह नोंद हवीच. ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मागता येतो. खटल्याच्या खर्चापैकी 10,500 युरोपर्यंत परत देणारी एक वेगळी योजनाही आहे. तिची मुदत वेगळी मोजतात, तेव्हा हा प्रश्न वकिलाला आधी विचारा.

इंटरनेटवरच्या बातम्या काढायची घाई तुम्हाला झाली असणार, पण जरा थांबा. आधी त्या सगळ्या तारखेसह छापून ठेवा. बदनामी किती झाली याचा तोच पुरावा आहे, आणि त्यावरून रक्कम वाढवून मागता येते. झोप उडाल्याचे, उपचारांचे डॉक्टरी कागदही त्यातच जोडा. मग इटलीच्या नव्या तरतुदीनुसार, निकाल देणाऱ्या कोर्टाच्या कचेरीकडून निकालावर दुवे काढण्याच्या हक्काची नोंद करून घ्या. तिच्या आधारे सर्च इंजिनला तुमच्या नावाशी जोडलेले दुवे काढायला सांगता येतं. ते युरोपापुरतं चालतं. भारतात असा थेट कायदेशीर मार्ग अजून पक्का झालेला नाही, पण दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये निर्दोष सुटलेल्या एका माणसाला असा अंतरिम दिलासा दिला आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल.

अर्जांबद्दल माझं मत ठाम आहे: लपवू नका. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात कधी अटक झाली होती का, असंही विचारतात. तिथे उत्तर ‘हो’ आहे, आणि सोबत निकालाचं प्रमाणित भाषांतर. सरकारी नोकरीच्या अर्जाबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय, की अटक, खटला, सुटका यांची विचारलेली माहिती खरी द्यायला हवी. सुटका झालेली असूनही ती लपवली म्हणून नोकरी जाऊ शकते. मात्र खाजगी कंपनीच्या अर्जात फक्त ‘शिक्षा झाली आहे का’ एवढंच विचारलं असेल, तर तुमची शिक्षा रद्द झाली आहे. ‘नाही’ हे खरं उत्तर आहे आणि ते मान वर करून लिहा.

निकाल अंतिम झाल्याची नेमकी तारीख मला या आठवड्यात कळवा. तुमचे 14 महिने अंदाजाने मोजलेले असतील, तर त्यात महिनाभराची चूकही चालणार नाही.